सिरसाळ्याचं बाळंतपण

श्रावणात आलेलं मुंजाजींचं पत्र दिवाळी तोंडावर आली तरी त्रिंबक मास्तरांच्या टेबलाच्या खणात बिनउत्तराचं पडून होतं. पडून होतं म्हणणंही खरं नाही. दर चार-आठ दिवसांनी मास्तर ते बाहेर काढत, वाचत, चष्मा पुसत आणि पुन्हा घडीवर घडी घालून ठेवून देत. उत्तरासाठी घेतलेल्या कागदांची चळतही त्याच खणात होती. बहुतेक कागद 'सप्रेम नमस्कार' या दोन शब्दांपुढं गेले नव्हते. काहींत भाषा फार जड झाली होती, काहींत फार कोरडी. एका कागदावर तर त्यांनी मातृत्वाविषयी अर्धं पान लिहून टाकलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी ते वाचून एकट्यानंच लाजले होते.

मुंजाजी त्यांचे व्याही. सून बबिताचे वडील. सिरसाळ्याला चार एकर कोरडवाहू आणि साठ-सत्तर मेंढरं. शाळा चौथीपर्यंतची. त्यांनी फोन न करता पत्र लिहिलं होतं, कारण फोनवर मास्तर 'हं' शिवाय काही बोलत नाहीत हे सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांना ठाऊक होतं. पत्र एवढंच होतं: 'मास्तर, बबिताचं पहिलं बाळंतपण. रीत माहेरची हाय. तिची आई असती तर इचारायचं काम नव्हतं. मी एकटा गडी. पोरगी म्हनती, आबा, तुमच्याकडंच येते. दिवाळी बी मदीच येती. सव्वा महिना पोरीला ठिवून घिऊ का? मला जमंल का? इचार करून दोन ओळी कळवा.'

त्या दोन ओळी कधी गेल्या नाहीत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुंजाजी स्वतःच दिंद्रुडला आले, चहा प्याले आणि पोरीची पिशवी उचलून एसटीला लागले. पत्राचा विषय त्यांनी काढला नाही. न काढलेला तो विषय मास्तरांच्या मनाला जास्तच लागला.

बाळ तीन आठवडे आधी आलं. मुलगी. वजन जेमतेम दोन किलो. मास्तरांच्या घरात थोरल्या बहिणीनंतर पहिल्यांदाच मुलगी जन्मली होती. मास्तरांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून घराच्या चाव्या थोरल्या बहिणीच्या, रतनबाईंच्या कमरेला होत्या. बातमी आली तशा त्यांनी बोटांवर दिवस मोजले. दहाव्याला सुवेर फिटतं, बाराव्याला बारसं आणि तेराव्याला लक्ष्मीपूजन. "देवानं पंचांग बघून पोरगी धाडली रे त्रिंबका," त्या म्हणाल्या. मग फोनवर फोन सुरू झाले. तलवाड्याची दोन घरं, पुण्याचे भाचे, पुतणे, जावई, मिळून पंचवीसेक माणसं दिवाळीला दिंद्रुडला येणार आणि लक्ष्मीपूजनाला पोरगी रतनबाईंच्या मांडीवर असणार, हे चार तासांत ठरून गेलं.

मास्तर कोपऱ्यात पुस्तक धरून बसले होते. दोन किलोचं बाळ आणि पंचवीस माणसं, हे गणित त्यांना बरं वाटत नव्हतं. पण आपल्याला बाळांतलं काय कळतं, असंही वाटत होतं. ते गप्प राहिले. त्या घरात मास्तरांच्या गप्प राहण्याला होकार समजायची जुनी सवय होती.

बाळ-बाळंतिणीला आणायला आधी जीवन गेला. मास्तरांचा मुलगा, बाळाचा बाप. कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी, सुट्टी टाकून आलेला. सकाळी गेला तो संध्याकाळी परतलाच नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. फोन केला की हळू आवाजात म्हणायचा, आत्या, आत्ता झोपलीय, नंतर बोलतो. चौथ्या दिवशी वसुबारस होती. रतनबाईंनी आपल्या मुलाला, बजरंगला, जीप काढायला लावली आणि मास्तरांना म्हणाल्या, "चल. तू नुसता सोबत बस. बोलायचं ते मी बोलते."

वाटेत कापसाची वेचणी चालली होती. पावसानं रस्त्याची चाळण केली होती आणि दर खड्ड्याला रतनबाई "आई गं" म्हणून कमरेवर हात ठेवत होत्या. बजरंग दोन दिवसांपासून शिंकत होता. एका हातानं सुकाणू, दुसऱ्या हातात रुमाल.

मुंजाजींच्या दारात कडुलिंब होता आणि लिंबाखाली पाण्याची बादली, तांब्या आणि साबण. रतनबाई पायावर पाणी घेऊन सरळ उंबऱ्याकडं निघाल्या तर मुंजाजी आडवे आले. डोक्याला मुंडासं, दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या.

"अक्का, हात बी. साबणानं."

"माझे हात?" रतनबाईंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"सगळ्यांचेच. माझे तर सकाळपून धा बारा डाव झाले."

सत्तरी उलटलेल्या विहिणीला हात धुवायला सांगणारा व्याही रतनबाईंनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी मास्तरांकडं पाहिलं. मास्तर तोवर मुकाट्यानं साबण लावत होते. मग त्यांनीही धुतले, पण असे धुतले की त्या तांब्याच्या आवाजातसुद्धा राग होता. बजरंग शिंकला, तशी मुंजाजींनी त्याच्यासाठी लिंबाखाली बाज टाकली आणि तिथंच चहा आणून देतो म्हणाले.

आत पाऊल टाकलं आणि रतनबाई थबकल्या. जीवन खुर्चीत टेकून बसला होता, कमरेवर उघडा. छातीशी जुन्या धोतरानं बाळ बांधलेलं. दिसत होतं ते फक्त टोपडं आणि एक गाल.

"आरं, कापडं कुठं गेली तुझी?"

"हळू, आत्या. अंगाची ऊब द्यायची असते. डॉक्टरांनीच सांगितलंय. दुपारी मी, बाकी वेळ बबिता."

"आन तू आणायला आलतास ना?"

"आलतो," जीवन म्हणाला आणि बाळाच्या टोपड्याकडं बघून हसला.

मुंजाजी दाराशी उकिडवे बसले. "मास्तर, कोकरू अशक्त झालं तर आमी बी घोंगडीत पोटाशी बांधतो. डाक्टरनी ह्ये सांगितलं तवा मला नवल वाटलं न्हाई. मी आधीच म्हाईत हाय म्हनलं, तर डाक्टरलाच नवल वाटलं."

मास्तरांना हसू आलं. त्यांचे आजोबा, म्हाळू, यांनीही हयातभर मेंढरं राखली होती. लहानपणी एकदा त्यांनी नातवाच्या हातात ओलं कोकरू दिलं होतं आणि नातवानं घाबरून ते जवळजवळ टाकलं होतं. हा पोरगा शाळेतच बरा, असं आजोबा त्या दिवशी म्हणाले. मास्तरांच्या सगळ्या शिक्षणाची सुरुवात ती होती. आज या माणसाच्या मनगटांकडं बघताना त्यांना वाटलं, आपण शिकलो खरे, पण आजोबांच्या हातातलं सगळं तिथंच राहून गेलं.

त्या दुपारी मास्तरांनी जे पाहिलं ते पुढं किती तरी दिवस त्यांच्या मनात फिरत राहिलं. बबिताच्या अंगाला तेल लावायला शेजारच्या रुक्मिणीबाई सकाळी येऊन जात. बाकी सगळं मुंजाजी करत. पहाटे मेंढरांचं उरकून चूल, मग बाळाचे लंगोट, ते उकळत्या पाण्यातून काढून पांढरेशुभ्र दोरीवर. बाजरीची भाकर, शेपूची भाजी, अळिवाची खीर. खारका कुटून डिंकाचे लाडू वळलेले, एकेक क्रिकेटच्या चेंडूएवढा, कारण आकार कुणी सांगितला नव्हता. बाळाला पाजायची वेळ झाली की ते कुणी न सांगता बाहेर जाऊन उंबऱ्याकडं पाठ करून बसत, आणि ते तसे बसलेले असेपर्यंत आत कुणी जात नसे. गल्लीतल्या पंधरा घरी जाऊन त्यांनी हात जोडून सांगितलं होतं, फटाके शाळेच्या मैदानावर वाजवा. आणि पंधराही घरांनी ऐकलं होतं. दिवाळीचं त्यांनी काहीच केलं नव्हतं. बघायला येणाऱ्यांनी आणलेला चिवडा आणि चकल्या ते पुढच्या पाहुण्यांपुढं ठेवत. "एकानं आनलेलं दुसऱ्यानं खायचं," ते म्हणाले, "तिसऱ्याला डबा रिकामा."

आरोग्य केंद्राच्या आशाताई काटा आणि झोळी घेऊन आल्या. बाळ झोळीत लोंबलं, पाय आखडले, एक बारीक तक्रार केली. दोन किलो तीनशे. मुंजाजींनी मान हलवली, जणू त्यांच्या हाताला हे आधीच कळलं होतं.

रतनबाईंनी हे सगळं पाहिलं. पण त्यांच्या जिभेवर ठरवून आणलेलं वाक्य होतं आणि ते बोलल्याशिवाय त्या राहणार नव्हत्या. चहा झाल्यावर त्यांनी सांगितलं. घर भरून माणसं येणार आहेत, माझ्यानंतर पहिल्यांदाच लक्ष्मी आली आहे, तिची पहिली दिवाळी तिच्या घरी व्हायला पाहिजे. जीपमध्ये गादी टाकलीय. तुमच्या करण्याला नावं ठेवत नाही पाव्हणं, पण गडीमाणसानं बाळंतपण केलं म्हणून लोक काय म्हणतील, तेही बघावं लागतं.

मुंजाजींनी ऐकून घेतलं. "अक्का, व्यालेल्या मेंढीला पंधरा दिस आमी कळपात सोडीत न्हाई. तिचं पिल्लू चुकतं, गर्दीत तुडिवलं जातं. मानूस तर त्याहून नाजूक. पर पोरगी तुमच्या घरची. मी मास्तरांना पत्रात इच्यारलं व्हतं. मास्तर सांगतील तसं."

सगळे मास्तरांकडं बघू लागले. पत्राचं नाव निघालं होतं आणि ते न चिडता, न टोमणा मारता निघालं होतं.

त्यांनी घसा खाकरला. पण त्याच वेळी दारात मोटारसायकल थांबली.

मुंजाजींचे थोरले भाऊ, अभिमन्यू. सोसायटीचे चेअरमन. बबिताच्या लग्नात मांडवापासून बँडपर्यंत सगळं त्यांनी उभं केलं होतं आणि गावात त्यांना दारात थांबवणारं घर नव्हतं. हातात बाळाला अंगडं, मिठाईचा पुडा आणि नाक लाललाल. बोलताना आवाज घोगरा.

मुंजाजी उठून लिंबाखाली गेले. घरात होते त्यांना दोघांचं बोलणं ऐकू येत होतं.

"दादा, पडसं झालंय तुमाला."

"मग? पडसं कुनाला होत न्हाई?"

"आज बाळाजवळ नका जाऊ. खिडकीतून दावतो."

"मी? खिडकीतून?" अभिमन्यूंचा आवाज चढला. "मुंजा, माझ्या दारची सून न्हाई ती, माझी पुतणी हाय. तुझ्या पोरीच्या लग्नाला कोन उभं व्हतं रे?"

"तुमीच. तुमी नसता तर झालं नसतं. माझ्या कातड्याचे जोडे घाला, दादा. पर आत न्हाई."

मग अंगडं आणि मिठाई बाजेवर टाकल्याचा आवाज आला आणि मोटारसायकल सुरू झाली. मुंजाजी तसेच उभे राहिले. खाली वाकून त्यांनी अंगडं उचललं, झटकलं आणि बादलीतलं पाणी ओतून पुन्हा हात धुतले. आत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. चहाच्या कपबश्या गोळा करायला लागले.

रतनबाई खिडकीशी उभ्या होत्या. ऐन दिवाळीत थोरल्या भावाला दारातून परत पाठवणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. उद्या गावात चर्चा होणार, भाऊबीजेला भावकी तोंड फिरवणार, पुढल्या कार्याला आमंत्रण येईल की नाही तेही देव जाणे. एका बाळाच्या श्वासासाठी माणसानं एवढं पणाला लावलं आणि वर कपबश्या विसळत बसला. मग त्यांची नजर लिंबाखालच्या बाजेकडं गेली. बजरंग शिंकत होता. त्याच जीपमध्ये, त्याच्याच शेजारी, त्या बाळाला घेऊन बसणार होत्या.

त्या बबिताजवळ जाऊन बसल्या. बबिताचे डोळे खोल गेले होते, पण चेहऱ्यावर निवांतपणा होता. रतनबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि विचारलं, तुला काय वाटतं गं. हा प्रश्न त्यांनी नऊ दिवसांत पहिल्यांदाच तिला विचारला होता.

"मला तुमच्याकडं यायचंय, आत्याबाई," बबिता म्हणाली. "खरंच यायचंय. पण आत्ता मला झोपायचंय. इथं झोप लागते. आबा दारात हायेत हे म्हाईत असतं."

रतनबाईंनी पदर नीट केला. त्यांना आता काय हवं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण पंचवीस माणसांना बोलावून बसलेल्या बाईला ते बोलता येत नव्हतं. त्या मास्तरांजवळ आल्या आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "त्रिंबका, आपल्या घरी मला कुनाला न्हाई म्हनता आलं नसतं रे. समदे आले असते, समद्यांनी पोरीचा मुका घेतला असता, आन मी हसत बघत बसले असते. पर मी आता मागं सरले तर लोक हसतील. तू सांग. तू सांगितलंस म्हनजे मला तिथं तोंड दाखवता येईल."

बहिणीनं आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या शब्दाचा आडोसा मागितला होता. मास्तर उभे राहिले. उभं राहायची काही गरज नव्हती, पण वर्गात बोलायची सवय होती.

"बाळ-बाळंतीण सव्वा महिना इथंच राहतील," ते म्हणाले. "दिवाळी आपण आपली करू. ज्यांना बाळ बघायचंय त्यांनी सव्वा महिन्यानंतर यावं. विचारलं तर मी सांगितलं म्हणून सांगा."

एवढ्यानं त्यांच्या कपाळाला घाम आला. जीवननं त्यांच्याकडं असं पाहिलं की जणू वडिलांचा आवाज तो पहिल्यांदा ऐकत होता. मुंजाजींनी खांद्यावरच्या पंच्यानं डोळे पुसले की हात, ते नीट दिसलं नाही.

निघताना बबितानं बाळ पुढं केलं. "मामा, घ्या की. एकदा तरी."

मास्तरांचे हात पुढं आले आणि मागं गेले. "नको, माझे हात थंड आहेत," ते म्हणाले आणि जीपकडं चालू लागले. मुंजाजी त्यांना पोचवायला आले. जीपच्या दाराशी म्हणाले, "मास्तर, उत्तर आलं न्हाई तवा मला वाटलं, तुमाला आवडलं न्हाई. मग म्हनलं, न्हाई, इचार करीत असतील. शिकलेल्या मानसाला येळ लागतो." यात कसलाही टोमणा नव्हता. मास्तरांनी नमस्कार केला आणि जीप हलली.

परतीच्या वाटेवर रतनबाई खड्ड्यांना विसरल्या होत्या. घरी पोचायच्या आतच त्यांनी तलवाड्याला फोन लावला. मास्तरांनी सांगितलंय, पोरगी येणार न्हाई. आन तुमी बी तिकडं जाऊ नका, पाव्हणं दारातून परत लावतेत. सख्ख्या भावाला लावलंय. हे शेवटचं वाक्य सांगताना त्यांचा आवाज असा फुगला होता, जणू तो पराक्रम त्यांच्याच घराण्यातला असावा. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर अंगणात आले तर त्यांच्याही दाराशी बादली आणि साबण मांडलेला होता. घरात बाळ नव्हतं. तरी दूधवाल्यालाही हात धुवावे लागले.

ती धनत्रयोदशीची दुपार. घरात करंज्यांचं सारण परतल्याचा वास होता. मास्तरांनी खण उघडला, चळतीतला एकही कागद न वाचता ती बाजूला सारली आणि कोरा घेतला. यावेळी भाषा जड झाली की कोरडी, हे बघायला ते थांबले नाहीत.

'मुंजाजी पाहुण्यांस नमस्कार. तुमचं पत्र श्रावणात मिळालं. उत्तराला उशीर झाला त्याचं कारण एवढंच, की मला चांगलं लिहायचं होतं. तुम्ही विचारलं होतं, जमेल का. काल मी पाहिलं. आमची पंचवीस माणसं मिळून जे जमलं नसतं ते तुम्ही एकट्यानं करता आहात. अभिमन्यूराव रागावले असतील तर त्यांना हे पत्र दाखवा. तुमचं चुकलं नाही, असं बाळाच्या आजोबानं लेखी कळवलं आहे, असं सांगा. भाऊबीज झाली की मी स्वतः त्यांच्याकडं जाईन. सव्वा महिन्यानं पोरीला पोचवायला याल तेव्हा चार दिवस राहा. बाळ धरायचं कसं, ते मला शिकवा. काल माझे हात थंड नव्हते. मला भीती वाटली.'

पुन्हा वाचलं तेव्हा शेवटचं वाक्य खोडावंसं वाटलं. पेन उघडून ते थोडा वेळ बसले. मग पेनाला टोपण लावलं, पाकिटावर पत्ता घातला आणि चपला पायात सरकवल्या. रतनबाईंनी आतून विचारलं, एवढ्या उन्हात कुठं. "आलोच," ते म्हणाले.

पोस्टाला सुट्टी लागणार होती. पत्र बहुधा भाऊबीज झाल्यावर पोचेल, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पाकीट पेटीत टाकलं. आत फारशी पत्रं नसावीत. तळाला लागल्याचा आवाज स्पष्ट आला.